बर्फाला घोंगडी

डोळे मीट आणि अशी कल्पना कर. चैत्रातली सकाळ आहे. आत्तापासूनच उकडायला लागलंय. तुझे पाय अनवाणी आहेत, डावा शहाबादी फरशीवर आणि उजवा सतरंजीवर. डाव्या पायाला गार लागतंय, उजव्याला नाही. आता सांग बघू, फरशी सतरंजीपेक्षा खरंच गार आहे का? दोघी रात्रभर एकाच खोलीत, एकाच हवेत पडून होत्या. फरशीला कुणी फ्रीजमध्ये ठेवलं नव्हतं आणि सतरंजीला कुणी शेगडीवर ठेवलं नव्हतं.

थांब, लगेच उत्तर देऊ नकोस. लगेच उत्तर देणारा एक माणूस या गोष्टीत आहे, आणि गोष्टीत असा एक पुरतो.

त्याचं नाव नंदकुमार. मुलुंड पूर्वेच्या एका चार मजली सोसायटीचा तो सेक्रेटरी. गोष्ट साधारण पंच्याऐंशी सालची. फोर्टातल्या त्याच्या कंपनीत यंत्रांची विक्री व्हायची, म्हणून तो स्वतःला ‘टेक्निकल लाइनचा माणूस’ म्हणवून घ्यायचा. यंत्रं त्याने कॅटलॉगात पाहिलेली. घरची इस्त्री बिघडली की तो ती हातात घ्यायचा, कानाशी नेऊन हलवायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, “आतून गेलीय.” मग त्याची बायको जयंतीकाकू ती इस्त्री दुकानात टाकून यायची. विज्ञानाची जाडजूड पुस्तकं त्याच्या काचेच्या कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कुठे आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तळमजल्यावर राहणारी सुगंधा या माणसाचा मनापासून तिरस्कार करायची. तेरा वर्षांच्या मुलीला जेवढा करता येतो तेवढा, आणि तो काही कमी नसतो. तिचे बाबा सहदेव लालबागच्या गिरणीत होते. संपात गिरणी गेली, तेव्हा चाळीतली खोली सोडून ते बिऱ्हाड इकडे आलं आणि बाबा भांडुपच्या एका कारखान्यात लागले. सोसायटीत त्यांना नाव नव्हतं. ‘तळमजल्यावरची’ एवढंच. नंदकुमार तर सुगंधाच्या आईशी बोलताना तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत बोलायचा, जणू भिंत जास्त समजूतदार होती.

आणि आई? रुक्मिणी मान हलवत म्हणायची, “होय साहेब.” सुगंधाला नंदकुमारकाकांपेक्षाही या ‘होय साहेब’ची जास्त चीड यायची. ते ऐकलं की तिचे ओठ एका बाजूला वाकडे व्हायचे.

त्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला एक नवीन गोष्ट घडली. दरवर्षी पन्हं करणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी लेकीकडे बडोद्याला गेल्या होत्या. महिला मंडळात बराच खल झाला. शेवटी मंडळाच्या अध्यक्ष जयंतीकाकू खाली आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “रुक्मिणीबाई, यंदा पन्हं तुमच्याकडे. पण गार हवं हं. शेजारच्या सोसायटीत मागे कोमट दिलं होतं, लोक अजून हसतात. नीट झालं तर पुढेही तुमच्याकडेच ठेवू.”

आतापर्यंत मंडळाने रुक्मिणीला फक्त सतरंज्या घालायला आणि उचलायला बोलावलं होतं. दोन-तीन वर्षांत तिच्या हातचं काही कुणी खाल्लं नव्हतं. त्या रात्री तिने कैऱ्या एकेक करून हातात घेऊन पाहिल्या, दाबल्या, हुंगल्या. नवऱ्याला दोनदा विचारलं, “गूळ जरा जास्त घालूया?” ती एवढी खूश सुगंधाने लालबाग सोडल्यापासून पाहिली नव्हती.

अडचण एकच होती. पन्हं लागणार संध्याकाळी, आणि लग्नसराईमुळे बर्फाची हातगाडी यायची फक्त सकाळी. सगळ्या इमारतीत फ्रीज दोन. त्यांच्या ट्रेमधले खडे शंभर बायकांना पुरणार नव्हते. म्हणजे सकाळी आलेला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकवायचा होता.

गाडीवाल्याने बर्फाची पाव लादी तळमजल्याच्या पॅसेजमध्ये उतरवली, तिच्यावरचा लाकडाचा भुसा झटकला, आपलं गोणपाट काखोटीला मारलं आणि गेला. बर्फ उघडा पडला. सुगंधा धावत घरात गेली आणि बाबांची जाडी काळी घोंगडी घेऊन आली.

“आई, ही गुंडाळू या.”

“घोंगडी?” वरून आवाज आला. नंदकुमार जिना उतरत होता. त्याच्या मागे शेजारची दोन मुलं एक भलंमोठं पितळी घंगाळ कड्यांना धरून आणत होती, आणि त्यांच्या मागे नंदकुमारची मुलगी शुभा टेबल फॅन छातीशी धरून येत होती. ती सुगंधाच्याच वर्गात होती. चिंचेने घासलेलं घंगाळ असं चकाकत होतं की त्यात नंदकुमारचा चेहरा दिसत होता, आणि तो मधूनमधून तो बघतही होता.

“बर्फावर घोंगडी! अगं, घोंगडी कशासाठी असते?”

“पांघरायला,” सुगंधा म्हणाली.

“का पांघरतात?”

“थंडी वाजू नये म्हणून.”

“म्हणजे घोंगडी गरम करते. बरोबर? आणि तू ती बर्फावर घालणार.” त्याने भिंतीकडे पाहून हसून घेतलं. “सुगंधाची आई, मूलतः हे सायन्स आहे. इकडे या. घंगाळाला हात लावा. कसं लागतंय?”

“गार, साहेब.”

“आता घोंगडीला लावा.”

रुक्मिणीने हात लावला. “उबदार.”

“संपलं! प्रयोग तुमच्या हातावर झालेला आहे. पितळ हा मूलतः थंड पदार्थ, लोकर हा मूलतः उष्ण पदार्थ. बर्फ घंगाळात, वर पितळेची परात उपडी, आणि समोरून फॅन. वाऱ्याने आणखी गार राहील. संध्याकाळी बघा, जसाच्या तसा.”

पॅसेजमध्ये जमलेल्या बायकांनीही एकेक करून हात लावून पाहिला. घंगाळ गार, घोंगडी गरम. कुणालाच शंका उरली नाही. आता, बाळा, इथे थोडं थांबून त्या सगळ्या हातांकडे नीट बघ. हात काय सांगतो? पितळ किती गार आहे ते तो सांगतच नाही. आपला हात पितळेपेक्षा गरम असतो, आणि पितळ त्याची उष्णता भराभर ओढून घेतं, म्हणून हात गारठतो. लोकर ती ओढून घेत नाही, म्हणून हात उबदार राहतो. उष्णता किती वेगाने जातेय एवढंच हाताला कळतं, आणि हात ते ‘गार’ आणि ‘गरम’ अशा शब्दांत सांगून मोकळा होतो. बिचारा हात अडाणी आहे, त्याला माफ करता येईल. पण हाताच्या भरवशावर सायन्स सांगणाऱ्या माणसाचं काय करायचं?

सुगंधाला हे ठाऊक होतं. शाळेत बाईंनी लोखंडी सळईवर मेणाने टाचण्या चिकटवून एक टोक तापवलं होतं, आणि टाचण्या एकेक करून पडल्या होत्या. पण ते सांगायची तिची तऱ्हा काही बरी नव्हती. ती हाताची घडी घालून म्हणाली, “काका, तुमचं घंगाळ आणि आमची घोंगडी सारखीच गार आहेत. पुस्तकात आहे. तुमच्या कपाटातल्या पुस्तकातपण असेल, उघडलं तर.”

बायकांमध्ये हशा पिकला. पण तो सुगंधाच्या बाजूने नव्हता.

“सारखीच गार?” नंदकुमार गोड आवाजात म्हणाला. “मग पौषात घंगाळ पांघरून झोपशील का गं?”

आता तर सगळा पॅसेज हसला. शुभासुद्धा. फॅन तिच्या हातात हलायला लागला.

“बर्फाला थंडी वाजत नाही, काका, त्याला—”

“गप रव गो!” रुक्मिणीने तिचा दंड धरला. “सायबांक असा बोलतत? सॉरी म्हण.”

सुगंधाने आईकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. “सॉरी,” ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिने एवढा तुच्छपणा भरला की दुसरा कुणी असता तर मटकन खाली बसलाच असता. नंदकुमारने तो कौतुकासारखा स्वीकारला. बर्फ घंगाळात गेला. परात उपडी पडली. फॅन घरघर करत सुरू झाला.

सुगंधा खिडकीत जाऊन बसली. बस झालं. आता वितळू दे. ती नुसती बघणार होती. संध्याकाळी शंभर बायकांसमोर परात उचलतील आणि आत पाणी असेल, तेव्हा त्या माणसाचं तोंड कसं होतं, हे बघायला ती आत्तापासून जागा धरून बसली होती. जिभेवर तिने शब्दसुद्धा तयार ठेवले. एक बोचरा होता, दुसरा त्याहून बोचरा. दोन्ही तिला आवडले.

घंगाळाबाहेर पाण्याचे थेंब धरायला लागले. काय चाललं होतं तिथे? उन्हाळी हवा, वर ती फॅनने सारखी नवी नवी येऊन पितळेला भिडणारी. पितळेचे कण अगदी दाटीने उभे असतात. मुलुंडला टँकर आला की कशी रांग लागायची, ते डोळ्यांसमोर आण. माणूस जागेवरून हलत नाही, पण भरलेल्या बादल्या हातोहात टाकीपर्यंत पोचतात. उष्णता अशीच एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे जाते. कण आपल्या जागी, उष्णता पुढे. याला वहन म्हणतात. धातूमध्ये ही रांग फार चपळ असते. नंदकुमारने बर्फाला उष्णता पोचवणारी सगळ्यात चपळ रांग लावून दिली होती, वर तिला फॅनने वारा घातला होता, आणि तो जेवून झोपायला गेला होता.

दुपारी रुक्मिणीने कैऱ्या उकडून गर काढला. गूळ, वेलची, केशराच्या चार काड्या. घरात असा वास सुटला की मांजर दारात येऊन बसलं. मग तिने हळूच पॅसेजमध्ये जाऊन परात उचलली आणि तशीच उभी राहिली.

लादी निम्मी झाली होती. उरलेली स्वतःच्याच पाण्यात बसली होती आणि तिचे कोपरे गोल झाले होते.

“गो सुगंधा,” ती आत येऊन म्हणाली, “बर्फ जाताहा.”

“जाऊ दे.” सुगंधा खिडकीतून हललीसुद्धा नाही. “सकाळी मी सांगत होते तेव्हा गप रव म्हणालीस. आता विचार साहेबांना. होय साहेब म्हण.”

रुक्मिणीने स्टुलावर बसून पदराने मान पुसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तू त्येंका हसूक बसलंस, पण हसतले माका.”

सुगंधाने मान वळवली.

“सायबांक कोण हसतला? पन्हा माझा. कोमट झाला तर रुक्मिणीचा पन्हा कोमट. घंगाळाचा नाव कोण काढूचा नाय. परत सतरंजे.”

हे सुगंधाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सबंध सकाळ तिने दोन बोचरे शब्द घासूनपुसून ठेवले होते आणि एवढी सोपी गोष्ट तिला दिसली नव्हती. मोठ्या माणसाची चूक खाली उतरत उतरत शेवटी तळमजल्यावरच्याच कुणाच्या तरी अंगावर पडते. ती खिडकीतून उतरली.

“घोंगडी दे. गुंडाळते.”

“तुका नक्की ठावक असा?” आईने विचारलं. “उरललो पण जायत. तू करून बघितलंस काय कधी?”

नाही, सुगंधाने कधी करून बघितलं नव्हतं. बाईंनी सळई तापवली होती, हिने पुस्तकातलं वाचलं होतं, आणि मग त्याच जोरावर हाताची घडी घातली होती. काकांनी निदान घंगाळाला हात तरी लावायला लावला होता. हा विचार तिला मुळीच आवडला नाही. काकांसारखं असण्यापेक्षा तिने पाल गिळली असती.

तेवढ्यात शुभा आली. “ए, बाबांनी सांगितलंय फॅन चालू आहे का बघ.” तिने परातीखाली डोकावलं. “अगं बाई! वाट लागली.”

“तुझ्या बाबांचं सायन्स आहे ते,” सुगंधा म्हणाली. “मूलतः.”

“गप गं. तुझी घोंगडी असती तर आत्तापर्यंत उकळला असता.”

“लाव पैज.”

“लाव.”

त्यांनी घंगाळातून मुठीएवढे दोन सारखे तुकडे काढले. दोन्ही तुकडे शुभाने निवडले, कारण तिला सुगंधावर भरवसा नव्हता. एक तुकडा स्टीलच्या वाटीत. दुसरा मेणकापडात, म्हणजे तान्ह्या मुलाखाली घालतात त्या रबरी कापडाच्या तुकड्यात, आणि वरून बाबांच्या उसवलेल्या स्वेटरची बाही. तो लाकडी पाटावर ठेवला. मग दोघी समोर बसल्या.

वाट बघताना आईने गॅसवरचं पातेलं फडक्याने धरून उतरवलं. सुगंधाचं लक्ष तिकडे गेलं.

“आई, तू फडकं का घेतलंस?”

“फडक्यान नाय धरूचा तर काय हातान? भाजता म्हणान.”

“पण फडकं तर उबदार असतं. काका म्हणतात तसं ते गरम करणारं असेल, तर उलट हात जास्त भाजायला हवा.”

रुक्मिणीने पातेल्याकडे पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडे.

“फडकं गरम करत नाही, आई. ते उष्णतेला अडवतं. तिकडची इकडे येऊ देत नाही. घोंगडी पण तेच करते. थंडीत तुझ्या अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तुला उबदार वाटतं. घोंगडीकडे स्वतःची ऊब कुठून येणार? तिच्या पोटात काय शेगडी आहे? लोकरीच्या केसांमध्ये हवा अडकून बसलेली असते. त्या हवेतून उष्णता मोठ्या मिनतवारीने सरकते. बर्फाला गुंडाळली तर बाहेरची ऊब आत जाऊ देणार नाही. तिला काय, आत बर्फ आहे की बाबा आहेत, तिला कळतंय थोडंच?”

रुक्मिणी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. “आणि उलथण्याक लाकडाची मूठ ती तेचासाठीच.”

“तेचासाठीच!”

सकाळी सुगंधाने पॅसेजभर लोकांना ऐकवलं होतं आणि एकालाही पटवता आलं नव्हतं. इथे एका फडक्याने काम झालं. का, ते तुझं तू ठरव. पण सकाळी तिने हाताची घडी घातली होती आणि आत्ता ती आईच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसली होती.

“पाणी झालं,” शुभा म्हणाली. स्टीलच्या वाटीत बोराएवढी बर्फाची गोळी तरंगत होती. सुगंधाने बाही उलगडली, मेणकापड सोडलं. आतला तुकडा जरासा रोडावला होता, एवढंच. शुभा बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. बापाचं सायन्स बुडताना बघणं कुठल्या मुलीला सोपं असतं?

“बाबांना उठवू?” तिने विचारलं.

“उठवलंस तर ते येऊन दुसरा फॅन लावतील.”

शुभाने विचार केला. “लावतील,” ती कबूल झाली आणि बाह्या सरसावून उभी राहिली.

“घोंगडी भिजली तर तुझो बापूस काय म्हणतलो?” रुक्मिणीने एकदा म्हणून पाहिलं.

“मेणकापडात बर्फ, त्याच्यावर घोंगडी. ती ओली होऊन चालणारच नाही, आई. केसांमधली हवा जाऊन तिथे पाणी भरलं की घोंगडी काही कामाची नाही.”

मग तिघींनी मिळून उरलेली लादी घंगाळातून काढली. शुभाच्या हाताला एवढं गार लागलं की ती “आई आई आई” करत नाचली. मोरीजवळच्या सावलीत दोन पाट मांडले, लादी मेणकापडात गुंडाळली आणि तिच्यावर बाबांची घोंगडी चारी बाजूंनी खोचून दिली, तापातल्या मुलाला झोपवावं तशी. घंगाळात नुसतं पाणी राहिलं. सुगंधाने त्याच्यावर परात पालथी घातली.

“फॅन बंद करू?” शुभाने विचारलं.

“राहू दे,” सुगंधा म्हणाली. “काकांनी लावलाय.”

आणि म्हणून त्या दुपारी मुलुंडमध्ये एक टेबल फॅन झाकलेल्या पाण्याला वारा घालत राहिला.

चार वाजता नंदकुमार पावडर लावून खाली आला. त्याने घंगाळाच्या अंगावरून हात फिरवला. आतल्या गार पाण्यामुळे पितळेवर दव साठलं होतं. “गारेगार!” तो म्हणाला. परात उचलून आत बघावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. वस्तू उघडून बघणं त्याच्या लाइनमध्ये नव्हतं.

आत रुक्मिणीने घोंगडी सोडली. लादीचे कोपरे जसे गुंडाळले होते जवळजवळ तसेच होते. तिने बत्त्याने बर्फ फोडला, पन्ह्याच्या पिंपात टाकला आणि ढवळलं. सुगंधाने तिच्या हाताकडे पाहिलं. पन्हं ढवळणाऱ्या आईच्या हाताला कसली म्हणून घाई नव्हती.

हळदीकुंकू इमारतीच्या पुढच्या अंगणात झालं. आंब्याची डाळ झाली, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या, आणि मग पन्हं आलं. पहिला घोट घेऊन एका म्हाताऱ्या बाईंनी डोळेच मिटले. “कुणी केलंय गं हे?” “रुक्मिणीने.” “कोण रुक्मिणी?” “अहो, त्या सुगंधाची आई. तळमजल्यावरची.” नाव एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं. बायकांनी दुसऱ्यांदा ग्लास पुढे केले. रुक्मिणी ओगराळ्याने वाढत होती आणि तिला खाली बघायला फुरसत नव्हती.

नंदकुमारचं तिथे काहीच काम नव्हतं, म्हणून तो तिथेच होता. घंगाळ मुद्दाम पॅसेजच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं आणि तो त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता.

“पन्हं काय, कुणीही करेल,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. “कैरी आणि गूळ. खरी गोष्ट गारवा. हे घंगाळ बघताय ना? सकाळचा बर्फ आहे, यातूनच पन्ह्यात गेलाय. इथली माणसं त्याला घोंगडी घालत होती, घोंगडी! मी वेळेवर आलो म्हणून.”

“घोंगडी?” कुणीतरी हसलं. “अगं बाई.”

“मग एक करू या,” जयंतीकाकू म्हणाल्या. त्यांनाही घंगाळाच्या उजेडात उभं राहायला आवडत होतं. “घंगाळ आमचं, ते काही दरवेळी खाली-वर न्यायला नको. पुढल्या वर्षीपासून पन्हं आमच्याकडेच करू. रुक्मिणीबाई, तुम्ही आहातच मदतीला. सतरंज्यांचंही बघायला कुणीतरी लागतंच.”

रुक्मिणीचा ओगराळ्याचा हात थांबला. सुगंधाने पाहिलं, आईचे ओठ ‘होय’ म्हणायला हलत होते. सवयीने हलत होते. पण शब्द आला नाही. आईने मान वर केली आणि बायकांच्या डोक्यांवरून थेट तिच्याकडे पाहिलं. गप रव असं त्या नजरेत कुठेही नव्हतं.

दोन बोचरे शब्द सुगंधाच्या जिभेवर अजून तयार होते. तिने ते गिळून टाकले. ते या माणसावर वाया गेले असते, सकाळी ‘सॉरी’ गेलं तसे. पलीकडे शुभा उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, सुगंधाकडे पाहिलं आणि हळूच बाजूला होऊन वाट दिली.

सुगंधाने उष्टे ग्लास भरलेली मोठी टोपली उचलली, सगळ्या बायकांच्या मधून चालत पॅसेजच्या तोंडाशी आली, काकांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली, परात उचलून भिंतीला टेकवून ठेवली आणि घंगाळातल्या पाण्यात एकेक ग्लास विसळायला लागली.